गॉलवेला हेन वीकेंड: अकरा जणी, दोन रात्री आणि होणाऱ्या सासूबाईसुद्धा! कुणी केलंय का?

तळ्यातमळ्यात

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. माझ्या आतेबहिणीचं ऑक्टोबरमध्ये लग्न आहे, मुलगा इथलाच, आयर्लंडमधल्या मेयोचा, आणि करवली मी. इथे करवलीने हेनचं (म्हणजे लग्नाआधी नवरीची मैत्रिणींबरोबरची पार्टी) सगळं बघायचं असतं हे मला तिच्या होणाऱ्या नणंदेचा 'मग, हेनचा प्लॅन काय?' असा मेसेज आला तेव्हा कळलं. तोवर मी नुसती साडी कुठली नेसायची या विचारात होते.

तर गॉलवे एवढं ठरलंय, कारण निम्म्या जणी डब्लिनहून, काही मेयोतून, दोघी कॉर्कहून आणि एक लंडनहून येणार. शुक्रवार ते रविवार, दोन रात्री. एकूण अकरा जणी. त्यात आम्ही पाच मराठी, बाकी नणंद आणि तिचा गोतावळा, वर होणाऱ्या सासूबाई (साठीच्या आहेत पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त). एक जण पाच महिन्यांची प्रेग्नंट, दोघी शुद्ध शाकाहारी, तिघी दारूला शिवत नाहीत. बजेट प्रवास सोडून माणशी तीनशे युरोच्या आत बसवायचंय.

आता प्रश्न. जुलैचा शेवटचा वीकेंड बहुतेकींना जमतोय, तो धरू का? सॉल्टहिलला समुद्रासमोर एक मोठं घर दिसतंय, फोटोत तर झकास आहे, पण सिटीत राहणं बरं की तिथे? दिवसभर काय करायचं, मला नुसतं पबमधून पबमध्ये नकोय, आणि पाऊस आला तर? नणंदबाईंना नवरीच्या खांद्यावरून गुलाबी सॅश (पट्टा) आणि गळ्यात शिकाऊ ड्रायव्हरची एल-प्लेट हवीय, नवरी म्हणते मी ते घालून रस्त्यावर फिरले तर मेलेच. आणि नवरीचे पैसे कोण देतं, ती स्वतः की आम्ही? लंडनवाली इंडियन पासपोर्टवर आहे, यूकेत वर्क व्हिसा आहे, तिला इकडे यायला काही लागत नाही ना? कुणी असं केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, मी नुसती टॅब उघडून बसलेय.

कॉरिबकाठी

जुलैचा शेवटचा वीकेंड?? अगं बाई थांब, काही बुक केलं नाहीयेस ना अजून? त्या सुमाराला गॉलवे रेसेस म्हणजे घोड्यांच्या शर्यती असतात, बॅलीब्रिटला, ऑगस्टच्या बँक हॉलिडेच्या आधीच्या सोमवारी सुरू होतात आणि रविवारपर्यंत पुरे सात दिवस चालतात. त्या आठवड्यात इथे साध्या बीअँडबीचे भाव ऐकून तोंडचं पाणी पळतं, शिवाय अकरा जणींना एका ठिकाणी जागा मिळणं विसरच. त्याच्या आधीचे दोन आठवडे आर्ट्स फेस्टिव्हल असतो, तो सुंदर असतो पण गर्दी तीच. लग्न ऑक्टोबरात आहे ना, मग सप्टेंबरचा पहिला किंवा दुसरा वीकेंड बघ. शेवटचा नको, तेव्हा ऑयस्टर (शिंपल्यांचा) फेस्टिव्हल असतो, १९५४ पासून चालू आहे तो आणि लोक लांबून लांबून येतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला आठ वाजेपर्यंत उजेड असतो, आणि लग्नाला महिना-सव्वा महिना राहतो, हेनला तेवढं अंतर बरं पडतं.

आता घर. सॉल्टहिलचं घर फोटोत छानच दिसणार, समुद्र आहे समोर. पण रात्री अडीचला क्लब एकदम बंद होतात आणि अख्खं शहर एकाच वेळी टॅक्सी शोधायला लागतं. अकरा जणी म्हणजे दोन-तीन गाड्या, त्या मिळेपर्यंत एअर स्क्वेअरच्या, म्हणजे मुख्य चौकातल्या, टॅक्सी रँकवर वाऱ्यात उभं राहायचं, कुणाच्या हातात सँडल, कुणाला रडू फुटलेलं. चालत गेलीस तर प्रॉमनेडवर अर्धा-पाऊण तास अटलांटिकचा वारा तोंडावर. त्यापेक्षा एअर स्क्वेअर ते स्पॅनिश आर्च या पट्ट्यात कुठेही राहा, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला रमतगमत पंधरा मिनिटं लागत नाहीत. गॉलवेची खरी मजा हीच आहे, कुणाला कंटाळा आला, कुणाचे पाय दुखले, कुणाला फोनवर नवऱ्याशी भांडायचंय, की ती एकटी उठून रूमवर जाते आणि तासाभराने परत येते, बाकीच्यांचा प्लॅन मोडत नाही. प्रेग्नंट बाईसाठी तर हे सोन्यासारखं. फक्त क्वे स्ट्रीटच्या अगदी डोक्यावरची खोली घेऊ नकोस, खाली रात्री दोनपर्यंत कुणीतरी गात असतं, त्यातले सुरात थोडेच.

आणि बुक करायच्या आधी हाऊस रूल्स वाच. बऱ्याच घरांच्या आणि काही हॉटेलांच्याही नियमांत स्पष्ट लिहिलेलं असतं की हेन आणि स्टॅग (नवऱ्याकडची तशीच पार्टी) चालणार नाहीत. फॅमिली गॅदरिंग म्हणून खपवू नका, दारात अकरा बायका आणि फुगे बघितल्यावर कळतंच. सरळ मेल करून विचार, वयं सांग, सासूबाई आहेत ते आवर्जून सांग. सासूबाईंचं नाव काढलं की मालक लोक एकदम मवाळ होतात, गंमत नाही करत.

प्लॅन म्हणशील तर शनिवारी एकच गोष्ट बुक कर. एकच. लोक सकाळी कॉकटेल क्लास, दुपारी डान्स क्लास, संध्याकाळी बोट असं भरून ठेवतात आणि मग सगळा दिवस 'ती कुठे राहिली, ही कुठे राहिली' करत व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. अकरा बायकांना एका दारातून बाहेर काढायला किती वेळ लागतो ते तू लग्नघरात बघितलंच असशील. एक दीड तासाचा केली डान्सचा (आयरिश समूहनृत्य) क्लास घे, सासूबाई जिंकतील, दारू न पिणाऱ्यांना वेगळं बसावं लागत नाही, प्रेग्नंट मुलगी खुर्चीवर बसून व्हिडिओ काढेल. बाकी दिवस मोकळा ठेव.

मोकळा म्हणजे काय ते सांगते. सकाळी सेंट निकोलस चर्चच्या बाजूचा शनिवारचा बाजार, चर्च १३२० सालचं आहे आणि त्याच्या भिंतीला लागून चीज, ब्रेड, डोनट, गरम खाणं असलं सगळं मिळतं, शाकाहारी दोघींचं तिथेच भागेल. तिथून शॉप स्ट्रीटवर लिंचेस कॅसल बघा, पंधराव्या-सोळाव्या शतकातला दगडी वाडा आहे आणि आत चक्क बँक चालते. मग क्वे स्ट्रीटने खाली स्पॅनिश आर्चपर्यंत, ती १५८४ ची, जुन्या तटबंदीचा भाग. आर्चपाशी गवतावर बसायचं, समोर क्लाडाच्या (जुना कोळीवाडा) पाण्यात हंस, ऊन असेल तर अर्धं गॉलवे तिथेच पसरलेलं असतं. फक्त तिथे कॅन उघडून बसू नका, सिटीत उघड्यावर पिण्यावर बंदी आहे. बाजूचे लोक पितायत म्हणून तुम्हीही प्यायचं असं नाही, गार्डा (पोलीस) आले की काढून घेतात.

सरळसोट

गॉलवेच का पण? कॉर्कवाल्यांना लांब पडतं. किल्केनी बघा, डब्लिनहून ट्रेनने दीड तास, किल्ला आहे, सगळं चालत. नाहीतर कॅरिक-ऑन-शॅनन, तिथे तर वीकेंडला हेनशिवाय दुसरं कुणी दिसतच नाही.

कॉरिबकाठी

@सरळसोट तेच तर. कॅरिकला प्रत्येक कोपऱ्यावर तुमच्यासारखाच दुसरा ग्रुप भेटतो. आणि नवरीला सॅश नकोय म्हणजे तिला ते वातावरण नकोय. किल्केनीबद्दल काही म्हणणं नाही, छान आहे, पण नवऱ्याकडचं वऱ्हाड मेयोचं आहे, त्यांना गॉलवे घराजवळ.

ट्रॅडवाला बापू

ताई, मी डब्लिनला असतो पण वीकेंडला बोढ्रान (आयरिश ढोलकं) घेऊन गॉलवेच्या सेशनला बसतो, म्हणून एवढंच सांगायला आलो. ट्रॅड (पारंपरिक आयरिश संगीताचं) सेशन नक्की ऐका, पण ते स्टेजवरचा कार्यक्रम नसतो. कोपऱ्यातल्या एका टेबलाभोवती चार-पाच जण वाजवत बसलेले असतात, ती टेबलं त्यांचीच असतात, रिकामी दिसली म्हणून बसू नका. फर्माइशी ओरडायच्या नाहीत. कुणी एकटं गायला लागलं, म्हणजे वाद्यं थांबवून नुसता आवाज, की सगळा पब गप्प होतो, तेव्हा तुमच्या अकरा जणींपैकी एक जरी खिदळली तरी अख्खा पब मान वळवून बघतो. सासूबाई हे सगळं जाणून असतील, त्यांनाच पुढे घाला.

जागा म्हणाल तर मेनगार्ड स्ट्रीटवरचं टिग कोली, पण ते एवढंसं आहे, अकरा जणी एकदम आत शिरूच शकत नाहीत. संध्याकाळी लवकर, सहाच्या सुमाराला, तीन-चारच्या गटांनी जा. क्रॉस स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं टी नॉक्टन, १८९४ चं, आत लाकडाची छोटी छोटी कप्प्यांसारखी जागा आहे, तिथे सासूबाई आणि प्रेग्नंट ताई आरामात बसतील. नदीपलीकडे सी रोडवर क्रेन बार आहे, तिथे वरच्या मजल्यावरही संगीत असतं. आणि नाचायचंच असेल, गर्दी हवी असेल तर द क्वेज किंवा किंग्ज हेड, ते मोठे आहेत, आधी फोन करून ग्रुपसाठी कोपरा मागता येतो.

सॅशबद्दल: शनिवारी रात्री दारावरचे लोक गुलाबी सॅशवाला मोठा घोळका बघून 'आज जागा नाही' म्हणतात, हे मी आत बसून कितीदा बघितलंय. सॅश दुपारच्या क्लासला घाला, फोटो काढा, रात्री पर्समध्ये.

तळ्यातमळ्यात

बापरे, रेसेसचं माहीतच नव्हतं, वाचले!! ग्रुपवर टाकलं तर मेयोवाल्या म्हणतात 'आम्हाला वाटलं तुला माहीत असेल'. आता काय बोलणार. सप्टेंबरचा दुसरा वीकेंड नऊ जणींना जमतोय, दोघींचं विचारतेय.

बापूदादा धन्यवाद, सॅशचा तोडगा नणंदेला पटला, नवरीला अर्धाच पटलाय. पण पबच्या वेळा काय असतात? आणि लंडनवालीचं कुणीच नाही सांगितलं, ती म्हणते बेलफास्टला (ते यूकेतच येतं) उतरून ट्रेनने आले तर कुणी बघत पण नाही.

पमी पासपोर्टवाली

तिला आत्ताच्या आत्ता फोन कर. यूकेत वर्क व्हिसा असला तरी इंडियन पासपोर्टवर आयर्लंडला यायला आयरिश व्हिसा लागतो. लोकांना वाटतं की यूके आणि आयर्लंडमध्ये सगळ्यांनाच मोकळं जाणं-येणं आहे, पण ती सोय ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांसाठी आहे. तिकडे इन्डेफिनिट लीव्ह (कायम राहायची परवानगी) मिळालेली असली तरी इंडियन पासपोर्ट आहे तोवर व्हिसा हवाच. फॉर्म ऑनलाइन भरायचा, मग कागदपत्रं आणि बोटांचे ठसे. दोन महिने तरी हाताशी ठेवा, उन्हाळ्यात गर्दी असते.

बेलफास्टचं तर अजिबात ऐकू नकोस. बॉर्डरवर चौकी नाही हे खरं, पण चौकी नाही म्हणजे व्हिसा लागत नाही असं होत नाही. त्या रस्त्यावर बस-ट्रेनमध्ये अधूनमधून तपासणी होते, पकडली गेली तर पुढे प्रत्येक व्हिसाच्या फॉर्मवर ते लिहीत बसावं लागेल, शिवाय तिथून परत यूकेत शिरतानाची कटकट वेगळी. दोन रात्रींच्या हेनसाठी कोण करतं हे. इन्व्हिटेशन लेटर तू दे, राहण्याचं बुकिंग जोड, तिच्या ऑफिसचं पत्र जोड, होऊन जाईल.

तुम्ही इथे राहणाऱ्या, आयआरपी (इथलं रेसिडेन्स परमिट) असलेल्या, तुम्हाला देशात फिरायला काही लागत नाही. पण क्लबात जायचं तर वयाचा पुरावा जवळ ठेवा, आपल्याकडच्या तिशीतल्या मुलीही इथल्या दारावरच्या माणसाला सतरा वर्षांच्या वाटतात.

लिमरिकची मावशी

मी दोन हेनना जाऊन आलेय, एक लेकीच्या मैत्रिणीची, एक जावेच्या मुलीची, म्हणून मोठ्यांच्या बाजूने सांगते. सासूबाईंना केळवणाला बोलवतो तसं बोलवा, म्हणजे मानाने जेवण, गप्पा, थोडी चेष्टा, आणि पुढे त्यांच्यावर सोडा. इथल्या आया आणि सासवा शनिवारचं जेवण झालं की 'चला पोरींनो, मजा करा' म्हणत स्वतःच उठतात. उठल्या नाहीत तर त्यांना खरंच नाचायचंय असं समजा. खेळ मात्र आधी बघून घ्या. नवऱ्याला आधी प्रश्न विचारून उत्तरं रेकॉर्ड करायची आणि मग तेच नवरीला विचारायचे, तो खेळ फार रंगतो, पण प्रश्न कोण काढतंय याच्यावर नजर ठेव. मुलाच्या जुन्या मैत्रिणी वगैरे विषय सासूबाईंसमोर नकोत बाई.

पैशाचं सांगते. इथे बहुतेक वेळा नवरीचं राहणं आणि शनिवारचं जेवण बाकीच्या वाटून घेतात, प्रवास तिचा तिने. पण हा काही कायदा नाही, ग्रुपवर पहिल्याच आठवड्यात स्पष्ट लिही, नवरी नसलेला वेगळा ग्रुप काढ. राहण्याचे पैसे आधी रेव्होल्यूटवर (पैसे पाठवायचं अ‍ॅप) गोळा कर आणि मगच बुक कर, स्वतःच्या कार्डवरून अकरा जणींचे भरू नकोस. आणि 'आपण सगळं समान वाटू' हे दारूच्या बिलाला लावू नकोस, जी फक्त सेव्हन-अप पिते तिने चौघींच्या प्रोसेकोचे पैसे का द्यायचे? इथली राउंडची पद्धत तुला माहीत असेलच, एकजण सगळ्यांसाठी आणते मग दुसरी, पण अकरा जणींचा एक राउंड म्हणजे दिवाळंच. तीन-चार जणींचे छोटे गट करा, न पिणाऱ्यांचा वेगळा.

जेवणाचं टेबल महिनाभर आधी, साडेसहाचं घ्या. मोठ्या ग्रुपला बहुधा ठरलेला मेन्यू देतात आणि ऑर्डर आधी कळवायला सांगतात, तेव्हाच शाकाहारी लिहून टाका, आणि शाकाहारी म्हणजे मासेही नाहीत हे वेगळं लिहा. चिप्स मासे तळलेल्याच तेलात तळतात का तेही विचारा, क्वे स्ट्रीटवर मॅकडोनाज आहे, १९०२ पासूनचं फिश अँड चिप्सचं दुकान, बाकीच्यांनी तिथे जरूर खा. प्रेग्नंट मुलीला कच्चे ऑयस्टर नकोत, एवढं सगळ्यांना सांगून ठेव, कुणीतरी प्रेमाने आग्रह करतंच.

भटकभवानी

मी असते तर अख्खा शनिवार अ‍ॅरन आयलंड्सना दिला असता!! इनिश मोरला जायचं, सायकली भाड्याने घ्यायच्या, डून एंगस या जुन्या दगडी किल्ल्यापर्यंत चढायचं, तिथे शंभर मीटरचा सरळ कडा आहे, कठडा नाही काही नाही, पोटावर झोपून खाली समुद्र बघायचा. असं हेन कुणी विसरणार नाही, पब काय डब्लिनला पण आहेत.

कॉरिबकाठी

@भटकभवानी बेट सुंदरच आहे, वाद नाही. पण हिशोब कर ना. रॉसाव्हीलपर्यंत बसने तासभर, मग चाळीस मिनिटं बोट, तेवढंच परत, म्हणजे सकाळी आठ-नऊला निघायचं, तेही शुक्रवारच्या रात्रीनंतर. उन्हाळ्यात गॉलवे डॉक्समधूनही थेट बोट असते पण तिला दीड तास लागतो. समुद्र खवळलेला असला तर बोटीवर निम्म्या जणी हातात पिशवी धरून बसतात, आणि हवा अगदीच बिघडली तर बोट रद्द. एक बाई पाच महिन्यांची, एक साठीची, सायकल कोण चालवणार? कठडा नसलेल्या कड्यावर हेनचा ग्रुप नेणं मला तरी झेपणार नाही. तीन रात्री असत्या तर मीच सांगितलं असतं जा म्हणून.

भटकभवानी

बरं बरं, पटलं, सासूबाईंसाठी माघार. पण मग निदान सॉल्टहिलला समुद्रात तरी उतरा, ब्लॅकरॉकला डायव्हिंग टॉवर आहे तिथे बारा महिने लोक पोहतात, सप्टेंबरात पाणी त्यातल्या त्यात कमी गार असतं. त्यातल्या त्यात हं.

कॉरिबकाठी

हो, हे रविवारी सकाळी करा! क्लाडापासून प्रॉमनेडने सरळ चालत जायचं, टॉवरच्या पुढे प्रॉम संपतो तिथल्या भिंतीला पायाने लाथ मारायची आणि परत फिरायचं, गॉलवेकर असंच करतात, का ते विचारू नका. ज्यांची रात्र जास्त झालीय त्या कॉफी धरून बाकावर.

@तळ्यातमळ्यात वेळा सांगते. पब शुक्रवार-शनिवारी साडेबारापर्यंत ड्रिंक देतात, मग संपवायला अर्धा तास. रविवारी अकरा. पुढे जायचं असेल तर क्लब, ते अडीचपर्यंत. रूमवर काही आणायचं असेल तर दुकानात रात्री दहानंतर दारू देत नाहीत, आणि रविवारी दुपारी साडेबाराच्या आधीही नाही, म्हणजे रविवारच्या ब्रेकफास्टच्या मिमोसाची बाटली शनिवारीच घेऊन ठेवा.

पाऊस येणार, येईल का विचारूच नकोस. छत्री आणू नका, वारा ती उलटी करतो आणि मग कचऱ्याच्या डब्यात तिचा सांगाडा, रविवारी सकाळी शॉप स्ट्रीटवर असे पाच-सहा बघायला मिळतातच. टोपीवाला रेनकोट. आणि टाचांच्या चपला फक्त जेवणापुरत्या, क्वे स्ट्रीटची फरशी ओली झाली की उंच टाचेचं काही खरं नाही.

एक गंभीर सांगते. कॉरिब नदी दिसते तशी साधी नाही, पाण्याला प्रचंड ओढ आहे, आणि शहरभर कालवे आहेत. रात्री पिऊन कुणी एकटीने पाण्याकाठून जायचं नाही, दोघी-दोघींच्या जोड्या आधीच लावून टाक. न पिणाऱ्या तिघी आहेत ना, प्रत्येक जोडीचा हिशोब त्यांच्याकडे, पण रात्रभर त्यांनाच आया करू नका, आलटून पालटून.

तळ्यातमळ्यात

किती किती थँक्यू सगळ्यांना. अपडेट: सप्टेंबरचा दुसरा वीकेंड पक्का, अकराही जणी. लंडनवालीला फोन केला, आधी चिडली मग फॉर्म भरायला बसली. वुडक्वेजवळ दोन शेजारशेजारची घरं मिळतायत, मालकीणबाईंना खरं सांगितलं, त्यांनी सासूबाईंचं वय विचारलं आणि हो म्हणाल्या 😄 केली क्लासला मेल टाकलाय.

आता दोन छोटे प्रश्न राहिले. आम्ही डब्लिनच्या पाच जणी, माझं लर्नर परमिट आहे आणि एकीचं नवीन लायसन्स, गाडी काढावी की ट्रेन? आणि सगळ्यांनी मिळून नवरीला काहीतरी द्यायचंय, गॉलवेचंच असं, स्वस्तातली मग-बिग नको.

सरळसोट

ट्रेन. लर्नर परमिटवर मोटरवेवर जाताच येत नाही, आणि गॉलवेचा रस्ता जवळपास सगळा मोटरवे. नवीन लायसन्सवालीला दारूची मर्यादा वीस मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ शून्य, रविवारी सकाळी रात्रीचं अंगात असलं तरी चेकपॉइंटला सापडते. वर दोन टोल आणि गॉलवेचं पार्किंग. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनहून ट्रेन, अडीच तासाच्या आसपास, उतरलात की एअर स्क्वेअर समोरच. ऑनलाइन आधी काढलं तर स्वस्त पडतं, आणि सीट बुक करताना जे नाव टाकाल ते सीटच्या वरच्या छोट्या पट्टीवर दिव्यांनी उमटतं, डबाभर दिसतं. नवरीच्या सीटला काय नाव टाकायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

लिमरिकची मावशी

भेट म्हणून क्लाडा अंगठी द्या गं, दुसरं काही शोधूच नका. दोन हात, मध्ये हृदय, वर मुकुट: मैत्री, प्रेम, निष्ठा. ती मूळची तिथल्याच क्लाडा कोळीवाड्याची. क्वे स्ट्रीटच्या वरच्या टोकाला डिलन्स म्हणून दुकान आहे, १७५० पासूनचं, आत छोटंसं संग्रहालयही आहे, शनिवारी सगळ्या मिळून जा, चांदीची घेतली तर अकरा जणींत डोईजड होणार नाही. आत्ता ती डाव्या हातात हृदयाचं टोक बाहेर करून घालेल, साखरपुडा झालेल्या तशी घालतात, आणि लग्नाच्या दिवशी फिरवून टोक आपल्याकडे. ते फिरवायचं काम करवलीला द्या म्हणावं. बोटाचं माप मात्र आधी चोरून घे, तिच्या एखाद्या अंगठीवरून.

तळ्यातमळ्यात

मावशी!! डन. माप तर आजच घेते, ती आंघोळीला गेली की अंगठ्या बेसिनवरच काढून ठेवते. आणि @सरळसोट ते सीटवरचं वाचून नणंदबाई एवढ्या खूश झाल्यात की सॅशचा आग्रहच सोडला, पाचही सीटना काय नावं टाकायची याची आता त्यांनी वेगळी लिस्ट काढलीय, त्यातली दोन मी इथे लिहू शकत नाही.

ट्रॅडवाला बापू

त्या वीकेंडला मी क्रेनमध्ये असेन. तुम्ही अकरा जणी दिसलात की ओळखेनच, फक्त ते खिदळण्याचं लक्षात ठेवा.